चौदा नंबरचा फायटर

ऑल्विन पास्कोच्या घरात बेडूक शिरला तर तो त्याला टोपीत धरून बागेत नेऊन सोडायचा. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला टाउन्सव्हिलमध्ये मी त्यांच्या शेजारी राहायला गेले १९६१ साली. तेव्हापासून तो जाईपर्यंत त्यानं कुणावर आवाज चढवलेला मी ऐकला नाही, हात उगारणं तर लांबच. आणि याच माणसाच्या मागच्या शेडमध्ये, कुलूप लावलेल्या लोखंडी कपाटात, सदतीस फायटर-सुरे होते.

हे सुरे दुकानात मिळणारे नव्हेत. मुठीच्या पुढं चार बोटं अडकवायची चार कडी असतात. मूठ आवळली की पुढं पातं आणि बोटांवर पितळेचा फायटर. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात न्यू गिनीच्या किनाऱ्यावर, बेटांवर, जहाजांच्या वर्कशॉपांत आमच्या आणि अमेरिकनांच्या फिटर-टर्नर मंडळींनी ते स्वतःच्या हातांनी बनवले. पात्याला मोडकी संगीन नाहीतर जुनी कानस, कड्यांना तोफगोळ्यांच्या टरफलांचं पितळ, मुठीला पडलेल्या विमानाच्या खिडकीचं काचेसारखं प्लॅस्टिक. कुणी स्वतःसाठी बनवले, कुणी बूट, सिगरेटी, बिअरच्या बदल्यात दुसऱ्याला दिले.

ऑल्विन लढाईत गेला नव्हता. लढाई संपली तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. पुढच्या वर्षी रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये कामाला लागला. तिथला फोरमन पर्सी टॅलिस नुकताच न्यू गिनीतल्या मिल्न बेच्या तळावरून परतलेला. टॅलिस जेवणाच्या सुट्टीत पिशवीतून फायटर काढायचा आणि त्यानं खारवलेल्या गोमांसाचे पातळ काप करून पावावर ठेवायचा.

"घाबरतोस काय लेका?" तो ऑल्विनला म्हणायचा. "यानं आजवर एकही जपानी मेला नाही. डबे मात्र हजारभर मेले असतील."

मग तो सुरा त्याच्या हातात द्यायचा आणि विचारायचा, "सांग, कुठली कानस वापरलीय?" ऑल्विन सांगायचा. चुकला की टपली बसायची. असं करता करता तो धातूवरच्या खुणा वाचायला शिकला. ओतकामाला वाळू भरड होती की बारीक, कानस डाव्या हाताच्या माणसानं चालवली की उजव्या, रिव्हेट तांब्याचा की विमानातून उचललेला, हे तो नुसतं अंगठा फिरवून ओळखायचा.

टॅलिस १९५८ मध्ये वारला. दफनानंतर आठवड्यानं त्याची बायको ऑल्विनच्या दारात आली. तिनं टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी पुढं केलं.

"हा घे. तुला आवडायचा ना? ठेवून घे. परत मात्र आणू नकोस."

तो त्याचा पहिला फायटर.

त्यानंतर तो जत्रेत, भंगारवाल्याकडे, मेलेल्या माणसांच्या सामानाच्या लिलावात फायटर शोधत हिंडू लागला. इतर जमवणारे वस्तू घेतात आणि निघतात. ऑल्विनचा नियम वेगळा होता. बनवणाऱ्याचं नाव कळल्याशिवाय तो सुरा कपाटात ठेवायचा नाही. बनवणारा जिवंत असला तर तो जाऊन भेटायचा, नाहीतर त्याच्या घरचं कुणीतरी. असे सव्वीस म्हातारे कारागीर त्यानं व्हरांड्यावर बसून ऐकले. पार केर्न्सपासून रॉकहॅम्प्टनपर्यंत. सगळं एका निळ्या वहीत लिहिलं. त्याचं अक्षर म्हणजे मुंगीचे पाय, म्हणून वर्षातून एकदा ते माझ्याकडे टाइप करायला यायचं. मी शाळेच्या ऑफिसात होते, टाइपरायटर माझ्याकडे होता.

त्याची बायको डॉट या सगळ्याकडे कमरेवर हात ठेवून पाहायची. "आमच्याकडे हत्यारं सदतीस," ती मला कुंपणापलीकडून सांगायची, "आणि कोंबडी कापायची वेळ आली की हा पेपर घेऊन संडासात जातो. कापते मी."

"अगं, ती हत्यारं नाहीत," तो आतून ओरडायचा.

"मग काय आहेत? चमचे?"

ऑल्विनला हे खरोखरच वाटायचं, की ती हत्यारं नव्हेत. याबद्दल तो फारसा बोलायचा नाही. पण एकदा, मी टाइप करत असताना, समोर बसून म्हणाला, "लॉरेल, सव्वीस जणांना मी विचारलं. एकानंही यानं कुणाला भोसकलेलं नाही. डबे फोडले, नारळ फोडले, तंबूचे दोर कापले. ती पोरं हजार मैलांवर चिखलात बसली होती. हातांना सवय कामाची. बसल्या बसल्या वेड लागू नये म्हणून बनवायची. मला तर हे विणकामासारखं वाटतं."

मला ते पटलं. इतकं पटलं, की मी ते वाक्य थोडं नीट करून कागदावर घातलं.

१९९५ च्या ऑगस्टमध्ये लढाई संपल्याला पन्नास वर्षं झाली. माजी सैनिकांच्या क्लबानं हॉलमध्ये प्रदर्शन भरवलं आणि ऑल्विनला दोन लांब टेबलं दिली. पोलिसांची परवानगी काढली, वर काच बसवली, आणि मी सदतीस चिठ्ठ्या टाइप केल्या.

त्यातला चौदा नंबरचा फायटर सगळ्यात देखणा. मुठीत लाल, हिरव्या, पिवळ्या प्लॅस्टिकच्या पातळ चकत्या एकावर एक बसवलेल्या, बनवणाऱ्यानं दात घासायच्या ब्रशांच्या दांड्या कापून जमवलेल्या. मुठीला वर आणि खाली अशी दोन ठिकाणी जोडलेली कड्यांची पितळी पट्टी. कडी इतकी गोल, की लेथवर केल्यासारखी. ऑल्विननं तो तीन वर्षांपूर्वी रविवारच्या बाजारात एका माणसाकडून घेतला होता. तो आपल्या मेलेल्या बापाची अवजारं विकायला बसला होता. बापाचं नाव क्लेम बॅसेट, मिल्न बेच्या वर्कशॉपमधला कॉर्पोरल. "म्हातारा यानं नारळ फोडायचा," मुलानं सांगितलं होतं. त्यावरून मी चिठ्ठीवर लिहिलं: 'अप्रतिम कारागिरी. या सुऱ्याने नारळाखेरीज कुणाला इजा झाली नाही.'

दुसऱ्या दिवशी दुपारी पन्नाशीतली एक बाई आली. फुलांचा सुती फ्रॉक, हातात उन्हाची टोपी. मी पलीकडच्या टेबलावर चहा ओतत होते. ती काचेसमोर उभी राहिली ती हलेना. मग तिनं काच कडेनं उचलली, आत हात घातला, चौदा नंबरची चिठ्ठी काढली आणि घडी करून पर्समध्ये ठेवली.

ऑल्विन उठला. "मॅडम, माफ करा. ती चिठ्ठी इथली आहे."

"ही खोटी आहे."

"मुलानं सांगितलं तसं लिहिलंय. तुम्ही त्यांच्या ओळखीच्या का?"

"मी नेरिडा. क्लेम बॅसेटची मुलगी." तिचा आवाज अगदी साधा होता, भाजीचा भाव सांगावा तसा. "ज्यानं तुम्हाला विकला तो माझा धाकटा भाऊ. शनिवारी क्लबातून आले की बाबा हा टेबलावर काढून ठेवायचे. कधी नुसता ठेवलेलाच असायचा. कधी बोटांत चढवायचे. आईच्या गालाचं हाड इथं मोडलेलं होतं, आणि नंतर इथं." तिनं स्वतःच्या चेहऱ्यावर दोन जागा दाखवल्या. "पातं त्यांनी कधी वापरलं नाही. तेवढं तुम्ही खरं लिहिलंय."

 टेबलापाशी उभे असलेले दोन म्हातारे एकाएकी छताचे पंखे पाहायला लागले.

"आई वारली तेव्हा मी त्याला सांगितलं होतं, हा खाडीत फेक," नेरिडा म्हणाली. "आज इथं आले ते माझ्या शेजारणीच्या नवऱ्याचा फोटो बघायला. आणि हा काचेखाली. 'अप्रतिम कारागिरी.'"

ती निघाली. ती माझ्याजवळून जाताना मी, काही सुचेना म्हणून, "चहा घेता?" असं विचारलं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "नको. पण विचारलंत, बरं केलंत."

ऑल्विननं त्याच क्षणी चौदा नंबर काढून रुमालात गुंडाळला. संध्याकाळी हॉल बंद होईपर्यंत तो टेबलामागं खुर्चीवर बसून होता. कुणी काही विचारलं तर चिठ्ठीकडे बोट दाखवायचा.

घरी डॉटनं जेवण वाढलं. त्यानं काटा उचलला नाही. मी तिथंच बसून घडलेलं सगळं तिला सांगितलं. ती भांडी विसळत ऐकत होती. पाठमोरीच म्हणाली, "सव्वीस जणांना विचारलंस ना तू?"

"हो."

"सगळे बाप्ये."

"बनवले त्यांनी, म्हणून त्यांनाच—"

"आणि त्यांच्या बायका कुठं होत्या तेव्हा?"

ऑल्विननं विचार केला. "असायच्या की. चहा आणायच्या."

"आणायच्या, आणि आत जायच्या. सव्वीस बायकांच्या हातचा चहा प्यायलास तू ऑल्विन. एकीला तरी विचारलंस, बाई, हा सुरा तुमच्या घरात कुठं असायचा?"

त्यानं ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "टॅलिसची बायको म्हणाली होती, परत आणू नकोस. मला वाटलं, नवऱ्याची आठवण येते म्हणून."

"तसंही असेल," डॉट म्हणाली. तिनं नळ बंद केला. "आता कुणाला विचारणार? ती गेली. टॅलिस चांगला माणूस होता. मला तरी तसाच वाटायचा."

त्या रात्री बहुतेक तो झोपला नसावा. सकाळी सातला माझ्या दारात उभा. इस्त्रीचा शर्ट. "लॉरेल, एअरला येतेस? तिचा पत्ता मिळालाय. मी एकटा गेलो तर ती दार लावून घेईल, आणि तिचं चूक नसेल."

एअर हे गाव आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर. ऊसतोडणीचे दिवस होते. आदल्या संध्याकाळी पेटवलेल्या फडांची काळी राख गाडीच्या काचेवर येऊन बसत होती. वाटेत ऑल्विन एकदाच बोलला. "मी तिला सांगणार काय?"

"काही सांगू नकोस. तिचं ऐकून घे."

नेरिडा दोरीवरचे कपडे झटकत होती. आम्हाला पाहून तिनं चिमटे तोंडातून काढले. ऑल्विननं गाडीच्या टपावर रुमाल ठेवला, उघडला नाही.

"हा तुमचा आहे," तो म्हणाला. "मी विकत घेतला असेन, पण तुमचा आहे. हवं तर माझ्या भट्टीत वितळवून देतो. फेकायचा असेल तर नदीच्या पुलावर घेऊन चला, मी गाडी चालवतो. आणि मी जे लिहिलं, त्याबद्दल..." तो अडखळला. "मी विचारलंच नाही कुणाला. चुकलं माझं."

तिनं कपड्यांची टोपली खाली ठेवली. मग आम्हाला मागच्या पायऱ्यांवर बसवलं. स्वतः उभी राहिली.

"वितळवायचा नाही," ती म्हणाली. "माझा भाऊ म्हणतो, असं काही झालंच नाही. आई पडायची, म्हणतो. वितळवला की त्याचंच खरं होईल."

"मग?"

"माहीत नाही हो." ती चिडली, पण आमच्यावर नव्हे. "सोपं असतं तर इतकी वर्षं थांबले असते का? बाबांनी मला बाहुलीची खाट करून दिली होती. कोपऱ्याला कोपरा असा बसलेला, की नख जात नव्हतं. तेच हात. मी सहा वर्षांची. शुक्रवारी खाटेला रंग दिला आणि शनिवारी..." तिनं दोरीवरचा एक शर्ट उगाचच सरळ केला. "त्यांना रात्री ओरडत उठताना पाहिलंय मी. पलंगाखाली शिरायचे. दया यायची त्यांची. आणि त्यांच्या येण्याच्या आवाजानं आम्ही पण पलंगाखाली शिरायचो. सांगा, कुणाला काय म्हणू?"

ऑल्विन आपल्या गुडघ्यांकडे पाहत होता. मग त्यानं विचारलं, "कडी काढून टाकू का?"

"म्हणजे?"

"पट्टी दोनच ठिकाणी जोडलीय. कापली की निघेल. मग राहील तो नुसता सुरा. त्यांनी बनवलेला. आणि कड्यांचं काय करायचं ते तुम्ही ठरवा."

हे तो सहज बोलला, पण त्याला किती जड गेलं असेल ते तिला कळणं शक्य नव्हतं, मला कळलं. चाळीस वर्षांत या माणसानं एकाही फायटरचं पितळ लिंबानं घासलं नव्हतं. कुणी चकचकीत केलेला सुरा आणला तर त्याचा चेहरा कुणी मेल्यासारखा व्हायचा. बनवणाऱ्याच्या हाताची खूण पुसायची नाही, हा त्याचा धर्म होता.

नेरिडानं रुमालाकडे पाहिलं. "मी कापेन," ती म्हणाली. "तुम्ही दाखवा कसं."

पुढच्या शनिवारी ती आली. दिवस तिनंच निवडला होता. शेडमध्ये ऑल्विननं बाकावरच्या व्हाइसच्या, त्या लोखंडी पकडीच्या, जबड्यांना चामडं लावलं, सुरा त्यात घट्ट बसवला, हॅकसॉला, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीला, नवं पातं घातलं. डॉट दारात उभी. मी खोक्यावर.

"जोर लावू नका," तो म्हणाला. "पुढं जाताना दाबायचं, मागं येताना सोडायचं. पातं त्याचं काम करतं."

पहिल्यांदा हॅकसॉ घसरली. दुसऱ्यांदाही. मग पितळाचा भुसा पडायला लागला, पिवळाधमक, नव्यासारखा. वरचा सांधा कापायला तिला दहाएक मिनिटं लागली. घामानं फ्रॉक पाठीला चिकटला होता. मध्येच ती थांबली आणि व्हाइसवर कपाळ टेकून उभी राहिली. कुणी तिच्या जवळ गेलं नाही. डॉटनं फक्त एक ग्लास पाणी बाकावर ठेवलं.

"खालचा मी करू?" ऑल्विननं विचारलं.

"नको."

खालचाही तिनंच कापला. पट्टी सुटून लाकडी फळीवर पडली, टणकन. ऑल्विननं कानस घेऊन मुठीच्या दोन्ही जागा गुळगुळीत केल्या आणि सुरा तिच्या हातात दिला. नेरिडानं तो उजेडात धरला. लाल, हिरवी, पिवळी मूठ. ती म्हणाली, "हा लाल माझ्या आईच्या ब्रशचा. तिनंच पाठवला होता त्यांना तिकडं, पार्सलात." आणि मग रडली. आल्यापासून पहिल्यांदाच. डॉट तिला घरात घेऊन गेली. भोपळ्याचे स्कोन, म्हणजे छोटे मऊ पाव होते, लोणी होतं. दोघी किती वेळ बसल्या कुणास ठाऊक. जाताना तिनं सुरा नेला आणि कड्यांची पट्टीही नेली. पट्टीचं तिनं काय केलं, मी कधी विचारलं नाही.

चार दिवसांनी तिच्या भावाचा फोन आला. डॉटच्या हॉलमध्ये मी होते, त्याचा आवाज मला खुर्चीपर्यंत ऐकू येत होता. माझ्या बापाची वस्तू मोडलीस, सैनिकाची आठवण मोडलीस, तू लढाईत तरी होतास का रे?

"नव्हतो," ऑल्विन म्हणाला. "आणि हो, मोडली." मग थोडं थांबून म्हणाला, "तुला कधी बोलावंसं वाटलं तर ये. मी ऐकेन." तिकडून फोन आपटला. तो कधी आला नाही.

नंतरची तीन वर्षं ऑल्विन पुन्हा त्याच व्हरांड्यांवर गेला. आता सोबत मला न्यायचा. म्हातारे बरेचसे गेले होते, बायका होत्या. मी स्वयंपाकघरात बसायची आणि तो दाराबाहेर, ऐकू येईल पण दिसणार नाही असा, कारण डॉटनं तसं बजावलं होतं. दुसरी वही झाली, तपकिरी. बहुतेक बायकांनी सांगितलं, काहीच नाही हो, कपाटात पडलेला असायचा. एकीनं त्या सुऱ्यानं गाजराच्या वाफ्यातलं तण काढलं होतं. ओल्सन नावाच्या एका आजीनं तर नवऱ्यालाच तो दाखवून धाक घातला होता, आणि हे सांगताना तिला इतकं हसू आलं की कवळी सुटली. पण तिघींनी दुसरंच सांगितलं. आणि एकीनं मला तीनदा चहा दिला, दर वेळी विषय बदलला, आणि निघताना माझा हात धरून ठेवला. तिच्या नावापुढं ऑल्विननं लिहिलं: 'विचारलं. उत्तर दिलं नाही.'

"याचा अर्थ काय लावायचा?" मी टाइप करताना म्हणाले.

"लावायचा नाही," तो म्हणाला. "मागच्या वेळी अर्थ लावला, तेच चुकलं."

नवीन चिठ्ठ्या लहान झाल्या. नाव, गाव, वर्ष, धातू. 'अप्रतिम' हा शब्द त्यानं काढायला लावला नाही. "काम अप्रतिमच आहे," तो म्हणाला. "ते खोटं कशाला करायचं?"

विणकामासारखं वाटतं, असं मात्र तो पुन्हा कधी म्हणाला नाही. शेडमध्ये तो पूर्वीसारखाच जायचा. पण कधी खिडकीतून पाहिलं तर एखादा फायटर समोर ठेवून नुसता बसलेला असायचा, बोटांत न घालता.

ऑल्विन २००३ मध्ये गेला, झोपेत. दफनाला नेरिडा आली होती, मागच्या बाकावर बसली. डॉटनं छत्तीस सुरे आणि दोन्ही वह्या गावाबाहेरच्या एका लहानशा युद्धसंग्रहालयाला दिल्या. महिन्याभरानं आम्ही दोघी बघायला गेलो. सुरे काचेत मांडले होते, दिवे सोडलेले. निळी वही उघडून ठेवली होती. तपकिरी दिसेना.

तिथला व्यवस्थापक सभ्य माणूस होता. "ती आम्ही कपाटात सांभाळून ठेवलीय, मिसेस पास्को. त्यातला मजकूर जरा... इथं शाळेची मुलं येतात. आणि घरच्यांना वाईट वाटेल."

"कुठल्या घरच्यांना?" डॉट म्हणाली.

"म्हणजे सैनिकांच्या."

"त्या बायका घरच्याच होत्या ना रे?"

तो गोंधळला. कमिटीपुढं ठेवतो म्हणाला. डॉट तेव्हा बहात्तर वर्षांची, गुडघे गेलेले. तिनं त्याच्या टेबलासमोरची खुर्ची ओढली आणि पर्स मांडीवर घेऊन बसली.

"ठेव की कमिटीपुढं. मी इथंच आहे. लॉरेल, सँडविचचा डबा गाडीत राहिलाय, घेऊन ये. आणि माझं विणकाम पण."

मी घेऊन आले. आम्ही त्या दिवशी चारपर्यंत बसलो, दुसऱ्या दिवशी जेवणापर्यंत. तिसऱ्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा तपकिरी वही काचेखाली आली होती, निळीच्या शेजारी. उघडलेलं पान ओल्सन आजीचं होतं, म्हणजे कमिटीनं त्यातल्या त्यात हसायचं पान शोधलं होतं. डॉटनं चष्मा लावून ते वाचलं.

"ठीक आहे," ती व्यवस्थापकाला म्हणाली. "पण दर सोमवारी पान उलटायचं. मी येऊन बघणार आहे."

तो पान उलटायचा. पुढची सहा वर्षं, गुडघ्यांनी साथ दिली तोवर, ती येऊन बघायची.